मागची सीट

पंचशीलानं सव्विसाव्या वर्षी स्वतःच्या कमाईतून लांबलचक काळी सेडान घेतली आणि आठवडाभर बीडमध्ये एकच प्रश्न ऐकला, "साहेब कुठंयत?" असली गाडी पिकल्या केसांच्या माणसाचीच असणार, ही पोरगी नुसती चालवत असणार, असं लोकांनी ठरवूनच टाकलेलं. वैतागून रविवारी तिनं वडिलांना, जालिंदर अण्णांना मागं बसवलं आणि धारूरला निघाली.

मांजरसुंब्याच्या धाब्यावर मालक पळत आला, मागचं दार उघडून वाकला. "या साहेब, आत एसीत बसा." मग पंचशीलाकडं वळला. "ताई, डायवर लोकांचं जेवण तिकडं बाजेवर हाय."

तिचं टाळकंच फिरलं. आता अण्णाच याला चार शब्द सुनावतील, म्हणून ती थांबली.

अण्णांनी एकतीस वर्षं एका पुढाऱ्याची गाडी चालवली होती. ते उतरले, आवाज न करता दार लावलं, खिशातल्या रुमालानं समोरची काच पुसली आणि मालकाला हळू आवाजात म्हणाले,

"मॅडमला आत बसवा. मी बाजेवर बसतो, तिथून गाडी दिसती."