वाळवीनं खाल्लेल्या दोन ओळी

सुनीतीआजीनं पटकथा हातात घेतली आणि वाचायच्या आधी खाकी कव्हरच्या आत बोट घालून पाहिलं.

"आत काही नाही, आजी," सलील म्हणाला.

"सवय रे," आजी म्हणाली आणि चष्मा लावला.

सवय पन्नास वर्षांची होती. आणीबाणीत सुनीती यवतमाळच्या कॉलेजात शिकत होती. त्याच वर्गातला घनश्याम सरकारला न आवडणाऱ्या कविता लिहायचा आणि लायब्ररीच्या पुस्तकाच्या कव्हरखाली सरकवून ठेवायचा. सुनीती ते पुस्तक होस्टेलच्या खोलीवर न्यायची, कविता वाचायची आणि होती तिथेच परत ठेवायची. जवळ कागद सापडला तर पंचाईत. मग पुस्तक खोलीतली मैत्रीण पुष्पा वाचायची आणि तीच परत करायची. लायब्ररीचा शिपाई उकंडा दर आठवड्याला नवी कव्हरं चढवायचा, जुनी बंबात घालायचा. अशा रीतीनं घनश्यामच्या समग्र कवितेवर ग्रंथपालसाहेबांच्या आंघोळीचं पाणी तापलं.

एका गुरुवारी पोलीस आले. उकंडाच्या टेबलावर चाळीस पुस्तकं होती. त्यांनी एकच उचललं, कव्हर फाडलं, कविता घेतली. संध्याकाळी घनश्यामला नेलं. सहाव्या महिन्यात तो तुरुंगातच काविळीनं गेला.

"चाळीसातलं नेमकं तेच पुस्तक," सलील म्हणाला. "कोणीतरी सांगितलं असणार."

"उकंडानं. दुसरं कोण? ते पुस्तक तर माझ्या हातात आलंच नाही." आजीनं पान उलटलं. "पुष्पा कुठे आहे यात?"

"कापली. त्या रोलसाठी मुलगीच मिळाली नाही."

"बरं केलंस. तिचं काही कामच नव्हतं."

तरुण सुनीतीच्या भूमिकेसाठी मात्र मुलगी मिळाली होती. रुपाली पांढरकवड्याहून एसटीनं यायची, एका टेकमध्ये रडायची आणि सलीलला तिच्याशी कॅमेऱ्यामागूनच नीट बोलता यायचं. अडचण एकच होती. ती उकंडाची नात होती.

"तू माह्या आजोबाले खबऱ्या दाखवणार अन् मी त्याच पिच्चरमंदी हिरोईन?"

"पुरावा दे, बदलतो."

"त्याले वाचता येत नव्हतं. पुस्तक उलटं धरून कव्हर लावे."

"आत कागद आहे एवढं तर कळत असेल ना?"

रुपालीनं चहाचा कप खाली ठेवला. "मरून वीस वर्षं झाले त्याले. अजून कुरिअरवाला इचारते, उकंडा खबऱ्याचं घर हेच का म्हणून. पत्ताच झाला तो आमचा. माही माय त्या पत्त्यावर सही करून पार्सल घेते."

शेवटी असं ठरलं की सिनेमा आधी आजीला दाखवायचा. त्या वेळचं जिवंत माणूस तेवढंच. तो पाहून ती म्हणाली की उकंडा नव्हता, तर शेवट बदलायचा. तेव्हाही ती उकंडाच म्हणाली, तर रुपालीनं पुन्हा विषय काढायचा नाही.

"अन् हो म्हणाली तर मी तुह्याशी बोलणार नाही," रुपालीनं आपल्याकडून एक अट घातली. सलीलनं मान डोलावली. त्याला एकदम थंडी वाजली. मे महिना होता.

एक गोष्ट त्यानं आजीला सांगितली नव्हती. पोलिसांच्या जुन्या गठ्ठ्यातून त्यानं त्या दिवसाचा पंचनामा मिळवला होता. सुरुवात 'खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून' अशी होती. बातमी देणाऱ्याचं नाव नव्हतं. पण खाली जप्त कविता जशीच्या तशी उतरवली होती. 'उजेड' या शब्दाखाली लाल रेघ आणि शेजारी शेरा: 'कोणता उजेड? खुलासा घ्यावा.' कवितेच्या ओळी बारा. शेवटच्या दोन वाळवीनं खाल्ल्या होत्या.

आजीला दिलेल्या पटकथेत त्यानं ती घातली नव्हती, सिनेमात मात्र सुनीतीच्याच तोंडी दिली होती. पन्नास वर्षांनी आजी ती कविता पहिल्यांदा ऐकणार होती. सलीलनं त्या क्षणी तिचा चेहरा टिपायला दुसरा मोबाइल चार्ज करून ठेवला.

दुपारी तीनला त्याच लायब्ररीच्या वाचनकक्षात तिघं बसले. अंधारासाठी सलीलनं खिडक्यांना खाकी कागद चिकटवला होता. ऊन त्यातून गाळून तपकिरी होऊन येत होतं. एखाद्या कव्हरच्या आत बसल्यासारखं वाटत होतं. कोपऱ्यात उकंडाचं स्टूल अजून होतं. त्यावर कोणी बसत नसे. रुपाली जाऊन बसली.

पडद्यावरच्या रुपालीनं पुस्तकाच्या कव्हरखाली बोट घातलं. आजीचं बोट मांडीवर तसंच हललं. कागद बाहेर आला.

"या गावात उजेडाला परवाना लागतो," पडद्यावरची रुपाली वाचू लागली, "तू खिडकी उघडलीस की माझ्या नावावर गुन्हा चढतो..."

आजी रडली नाही. दचकलीही नाही. यादी तपासावी तशी ऐकत राहिली. सलीलनं मोबाइल थोडा जवळ नेला.

दहावी ओळ संपली. पुढच्या दोन ओळींच्या जागी सलीलनं काहीच ठेवलं नव्हतं. संगीत घालून पाहिलं होतं, ते लग्नाच्या व्हिडिओसारखं वाटलं म्हणून काढलं. तिथे पडद्यावरची रुपाली बारा सेकंद नुसती समोर बघते.

एक सेकंद. दोन. पंखा करकरला. स्टुलावरची रुपाली पडद्यावरच्या रुपालीकडे बघत होती.

पाचव्या सेकंदाला आवाज आला. सलीलला आधी वाटलं, एडिटिंगमध्ये काहीतरी राहून गेलं. पण पडद्यावरचे ओठ मिटलेले होते. आवाज म्हातारा होता, सपाट, वर्गात हजेरी घ्यावी तसा, आणि तो त्याच्या शेजारच्या खुर्चीतून येत होता.

"दिवा तेवढा राहू दे, पुष्पा. आणि सुनीतीला कळू देऊ नकोस. ती बिचारी नुसती पुस्तकं पोचवते."