निम्म्या विजेचा मिक्सर

अमेरिकेत, मुलाच्या ओट्यावर, सांगलीहून आणलेला मिक्सर पेंगत फिरत होता. आतलं खोबरं जागचं हलत नव्हतं.

"आई, इथं विजेचा दाब आपल्या निम्मा असतो," मुलगा म्हणाला.

"माझे स्वेटर बॅगेतून काढून हे धूड आणलंस," तात्या म्हणाले. "चटणी होईल आपण परत निघेपर्यंत."

हे आता जन्मभर ऐकावं लागणार, हे यमुनाबाईंना कळलं. त्यांनी भांडं धुतलं, फ्रिजमधली घट्ट साय त्यात ओतली आणि पुन्हा बटण दाबलं. मिक्सर संथपणे घुसळत राहिला. थोड्या वेळानं लोण्याचा गोळा वर आला.

"ह्यासाठीच तर आणलाय," त्या सुनेला म्हणाल्या. "चटणी काय, दुकानातही मिळते."

तात्या काही बोलणार होते, पण तोवर त्यांच्या तोंडात लोणी होतं.