रिकामा गट

पट्टी सुटली न सुटली तोच गुणमाला आज्जींनी ती चिमटीत पकडली.

डॉक्टर अपेक्षाने आकडा पाहिला. तेरा. तिने पट्टी पुन्हा वर धरली आणि न सांगता सोडली. बारा! तीन महिन्यांपूर्वी याच सत्तरीच्या आज्जींच्या बोटांतून ती चोवीस सेंटिमीटर निसटून मग कुठे थांबली होती.

अपेक्षाने नाडी मोजली. अठ्ठ्याऐंशी असायची, ती अडुसष्टवर आली होती. मग फुंकायची नळी दिली. तिचा काटा मागच्या वेळी दोनशेच्या आसपास धापा टाकत राहिला होता, तो आज थेट तीनशेवर जाऊन बसला. खरं तर अपेक्षाला आनंद व्हायला हवा होता. पण तो झाला नाही.

कारण आज्जी रिकाम्या गटातल्या होत्या.

प्राणायामाने हृदय, फुप्फुसं आणि हाताची चपळाई किती सुधारते, हा अपेक्षाच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी सांगलीजवळच्या या गावातल्या साठ बायका तिने निवडल्या. तीस जणींनी रोज सकाळी बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या हॉलमध्ये प्राणायाम करायचा. उरलेल्या तीस जणींनी तुलनेसाठी काही म्हणजे काही करायचं नाही. गावाने त्यांचं लगेच बारसं करून टाकलं, रिकामा गट. पहाटेपासून जनावरं, धुणी, शेतातली भांगलण उरकणाऱ्या बायकांना रिकाम्या म्हणायचं, हा विनोद गावाला तीन महिने पुरला.

कॉलेजातल्या सरांनी मात्र बजावलं होतं, "त्या गटातली एक जरी चोरून वर्गातलं करताना सापडली, तर बाकीच्यांवर विश्वास कोण ठेवणार? सगळं पहिल्यापासून करावं लागेल." प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. कराडहून एसटीचे धक्के खात अपेक्षाने दोन वर्षं काढली होती.

"आज्जी, खरं सांगा. प्राणायाम केलात ना?"

"न्हाई गं बाई. तू नको म्हणाली हुतीस की."

"रोज दर्शनाला बस्तीत जाता. येता-जाता हॉलमध्ये बघितलं असेल, घरी जाऊन केलं असेल. मी रागावणार नाही." रागावलेली तर ती होतीच.

आज्जींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "दोन महिन्यांच्या वर झालं, बस्तीची पायरी चढले न्हाई मी."

दर्शन झाल्याशिवाय ही बाई पाण्याचा घोटही घेत नसे. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम होता तो. पहिल्या तपासणीला याच नेमापायी अपेक्षा तासभर ताटकळली होती.

"आणि नेम?"

"मोडला." आज्जी शांतपणे म्हणाल्या. "आमच्या नातवाची, सम्मेदची बायको सातव्यातच बाळंत झाली. तिला झटकं याय लागलं, ती आयसीयूत. पोरगी एवढीशी, बाराशे ग्रॅमची. सिस्टर म्हणाल्या, काचेच्या पेटीतनं काढली की हिला उघड्या छातीवर धरून कुणीतरी बसाया पायजे. कातडीला कातडी लावून. मग मी बसले. दीड महिना सांगलीला दवाखान्यात, तिथनं पुढं घरी. देवाला म्हणलं, तू हाईस तिथं बरा हाईस, मला आता उठता येत न्हाई."

अपेक्षाने पेन खाली ठेवलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी तिने पुस्तकात पानंच्या पानं वाचली होती. "श्वास थांबायचा का तिचा?"

"थांबायचा की. दिसातनं किती येळा! श्वास घ्यायचाच विसरायचं लेकरू. तिच्यावरची नजर काढायची सोय न्हवती. थांबला की लगीच तळपायाला बोट लावायचं. जरा उशीर झाला की निळी पडायची. आन् मी छाती भरून सावकाश श्वास घ्यायची, सावकाश सोडायची. खालनं तिला त्ये कळायचं. मग तिला आठवायचं."

समोर कागदावर अपेक्षाच्याच अक्षरातले आकडे होते आणि ते तिने आत्तापर्यंत फक्त मोजले होते. प्राणायामाच्या वर्गातल्या बायका रोज अर्धा तास बसल्या होत्या. ही बाई दिवसाचे दहा-दहा तास बसली होती. म्हातारीची बोटं, फुप्फुसं, हृदय, सगळ्यांना बाराशे ग्रॅमच्या जिवाने कामाला लावलं होतं.

"आता कशी आहे?" अपेक्षाने हळूच विचारलं.

"काल पावणेतीन किलो भरली. आता विसरत न्हाई. आईबी बरी हाय तिची. रडती मातूर लय!"

फॉर्मवर शेवटचा प्रश्न उरला होता. या काळात श्वासाचा काही व्यायाम केला का? 'हो' लिहिलं की आज्जींचं नाव गटातून कमी होणार. वर्गातलं चोरून काही झालं नव्हतं, त्यामुळे बाकीच्या एकोणतीस जणींना आता धोका नव्हता, दोन वर्षंही वाचली होती. तरी अपेक्षाचा हात उचलेना. एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी कागदावर दोन चौकोन होते फक्त.

"आज्जी, हो लिहिते," ती शेवटी म्हणाली. "हा व्यायामच झाला तुमचा."

आज्जी उठता उठता थांबल्या. "तुला काय लिवायचं त्ये लिव, पोरी. पर माझा व्यायाम कसला? मी कुठं माझा श्वास घेत हुते? तिचाच घेत हुते की."