एकच प्रश्न दोनदा

"याआधी कुठे होतात?" मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या घरच्या बाहेरच्या खोलीत बसून विचारलं आणि नर्स गोंधळली. हाच प्रश्न त्यांनी दहा मिनिटांपूर्वी विचारला होता.

घरून निघताना थोरल्या बहिणीने बजावलं होतं, "एकच प्रश्न दोनदा विचारतात. उत्तर बदललं की पकडतात. आणि फार बडबडू नकोस." आधीच्या दोन मुलाखतींत बडबडीनेच घात केला होता. ती काम करायची तो दवाखाना बंद पडून पाच महिने झाले होते. बहिणीकडे राहायचं म्हणजे रोज मेव्हण्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या. ही नोकरी हातची जाऊन चालणार नव्हतं.

तिने मघाचंच उत्तर शब्दाला शब्द जुळवून दिलं. "अकरा वर्षं एका दवाखान्यात, वयस्कर पेशंटच्या वॉर्डात. दवाखाना बंद झाला म्हणून सुटले."

"अरे वा!" बाई खुलल्या, जणू पहिल्यांदाच ऐकत होत्या. "मग आमच्या अप्पांचं तुम्हाला काही जड जायचं नाही."

बाई भलत्याच मुरलेल्या दिसतात, नर्सच्या मनात आलं.

अप्पा, म्हणजे बाईंचे वडील, खिडकीपाशी बसले होते. ऐंशीच्या घरातले, दाढी गुळगुळीत केलेली, हात मांडीवर.

"त्यांच्या काही लक्षात राहत नाही हो," बाई म्हणाल्या. "शाळा मुदतीआधी सोडली ती त्यांच्यासाठीच." भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकून त्यांनी विचारलं, "अप्पा, आज वार कोणता?"

अप्पांनी लेकीकडे बघितलं. "रविवार?"

"बुधवार, अप्पा." बाईंनी नर्सकडे वळून मान हलवली. "बघितलंत?"

मग त्यांनी स्वयंपाकघर दाखवायला नेलं. डब्यांवर, कपाटांवर, शेगडीच्या वरही चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. साखर. कप. गॅस बंद केला का? अक्षर टपोरं, जरा थरथरतं.

"अप्पांसाठी," बाई म्हणाल्या. कपाटाचं दार उघडून त्या तशाच उभ्या राहिल्या. "आपण इथे कशाला आलो?"

ही कसली परीक्षा? "तुम्ही स्वयंपाकघर दाखवत होतात, मॅडम."

"बरोबर. लक्ष आहे तुमचं."

बाहेरच्या खोलीत येऊन दोघी बसल्या. बाईंनी पेन उघडलं, चष्मा सारखा केला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "बरं, याआधी कुठे होतात?"

आता नर्सला हसावं की रडावं कळेना. दोनदा विचारतात हे ठीक, पण तीनदा? आपलं उत्तरच चुकतंय का? तरी तिने मान ताठ ठेवली. "अकरा वर्षं एका दवाखान्यात, वयस्कर पेशंटच्या वॉर्डात. दवाखाना बंद झाला म्हणून सुटले."

खिडकीपाशी अप्पांनी मान वळवली आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

"कळवते मी," बाई म्हणाल्या.

आधीच्या दोन ठिकाणीही हेच म्हणाले होते. नर्सने पर्स उचलली. नमस्कार कसाबसा केला.

"अप्पा, तुम्ही कुठे निघालात?"

"इथेच. दारापर्यंत."

दाराला आतून कुलूप होतं. अप्पांनी सदऱ्यात हात घालून गळ्यातली किल्ली काढली आणि सराईतपणे कुलूप उघडलं. नर्सच्या मागोमाग तेही बाहेर जिन्यावर आले. दार त्यांनी हलकेच ओढून घेतलं.

"उद्या दहाला या," ते म्हणाले. "नोकरी तुमची."

"पण मॅडम तर कळवते म्हणाल्या."

"तुमच्याआधी चौघी येऊन गेल्या. दुसऱ्यांदा विचारल्यावरच वैतागल्या. तुमचा आवाज तिसऱ्यांदाही चढला नाही." अप्पा बंद दाराकडे बघत होते. "उद्या तिला तुम्ही आठवणार नाही. ती पुन्हा मुलाखत घेईल. आजच्यासारखीच द्या."