सगळ्यांनाच कुलूप

“सगळ्या बँकेचं लॉगिन बंद केलंस? अगं, आज पगाराचा दिवस!” साहेब कडाडले.

सायबर सुरक्षेवरच्या वैजयंतीपुढे दुसरा मार्ग नव्हता. कुणाचा तरी पासवर्ड चोरून एक भामटा बँकेत शिरला होता. पण संगणकाने धोक्याचे इशारे इतके उधळले, की त्यातला खरा कोणता हे देवालाच ठाऊक. तेव्हा सगळ्यांनाच कुलूप. ज्याला काम करायचंय, त्याने फोन करून उघडून घ्यावं.

“चोर निसटला, तर उद्या तू घरी,” साहेबांनी बजावलं.

फोन खणखणू लागले. कर्जविभागाने तिची अक्कल काढली, कराड शाखेने खानदान. वैजयंती ‘हो हो’ करत, एकेकाची ओळख विचारून कुलूप काढत राहिली.

मग एक मधाळ आवाज आला. “मिरजेहून शिरगुप्पे बोलतोय, मॅडम. किती राबताय तुम्ही! सवडीने उघडा माझं.”

वैजयंती ताठ झाली. रिसीव्हर हाताने झाकून म्हणाली, “साहेब, सापडला! आपल्या बँकेत सुरक्षा विभागाशी इतकं गोड कोण बोलतं?”

साहेबांनी मिरजेला फोन लावला. खरे शिरगुप्पे ‘हॅलो’ म्हणण्याआधीच शिव्या घालू लागले.