यंदाचा चौथा केक

शिकागोतल्या त्या महागड्या हॉटेलात टेबल राखून ठेवताना विचारतात, "काही खास?" वेन दरवेळी ठोकून देतो, "लग्नाचा वाढदिवस!" मग जेवणानंतर मेणबत्ती लावलेला केक फुकट येतो. यंदाचा हा चौथा. आज मात्र केक दिसताच त्याच्या बायकोचा, डोरीनचा, संयम सुटला.

"बाई, परत न्या तो. माझा नवरा एक नंबरचा थापाड्या आहे. आमचं लग्न चौदा ऑक्टोबरला झालंय!"

वेट्रेस ओशाळून केकसकट वळली. वेनने खिशातून मखमली डबी काढून डोरीनपुढे सरकवली.

"आज तारीख काय, राणीसरकार?"

डोरीनने मोबाइल पाहिला. चौदा ऑक्टोबर.

मग अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं ती ओरडली, "ओ बाई, आणा तो केक इकडे!"