व्हिसासाठीच ना?

अमेरिकेत, अल्फारेटा गावात राहणाऱ्या उल्काचा हात तिच्या नवऱ्याने, अतुलने, दारात चेंगरून मोडला. तिचा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता. “पोलिसांना फोन केलास तर तुझाच व्हिसा जाईल,” असं तो नेहमी बजावायचा. तरी तिने फोन केला.

गुन्हा सोसलेल्या माणसाने पोलिसांना मदत केली, तर इथे राहण्यासाठी त्याला वेगळ्या व्हिसाचा अर्ज करता येतो, असं तिच्या वकीलबाईंनी सांगितलं. उल्काने अर्ज केला. ते कळल्यावर मराठी मंडळातल्या सुलेखाकाकू घाबरल्या. “कोर्टात व्हिसाचं नाव काढू नकोस गं. सगळे तुलाच खोटी ठरवतील.”

साक्षीच्या दिवशी अतुलच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. “तुम्हाला अमेरिकेत राहायचा व्हिसा हवाय. ही तक्रार त्यासाठीच ना?”

मागच्या बाकावर काकूंनी डोळे मिटून घेतले. उल्काने मात्र थेट अतुलकडे पाहिलं.



“व्हिसा हवाय, हो. मी कायमची नागपूरला निघाले होते, म्हणून याने माझा हात मोडला. आता मी कुठेही जाणार नाही.”